केस कापले की कापून घेतले? इंग्रजीत ‘करवणं’, ‘करायला’ आणि ‘मुळे’ कसं सांगायचं

मराठीत काम कोणी केलं आणि कोणी करवलं हे क्रियापदातच दाखवता येतं. बसणं-बसवणं, करणं-करवणं, हसणं-हसवणं. हेतूसुद्धा क्रियापदालाच चिकटून येतो: घ्यायला, घेण्यासाठी, घ्यावं म्हणून. रोजच्या इंग्रजीत असे प्रत्यय फार थोडे आहेत. तिथे हे सगळं काम मेक, हॅव, गेट, लेट, कीप, टेक, यूझ अशी लहान क्रियापदं करतात. त्यांच्या मागे येणारं दुसरं क्रियापद कोणत्या रूपात ठेवायचं, यावर वाक्य बरोबर की चूक ते ठरतं.

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानात बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं, मिहानमधल्या कंपनीत मुलाखत असली, मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, दुसऱ्या राज्यातून आलेल्या डॉक्टरशी बोलायचं असलं, तर लागणारी इंग्रजी बहुतेक हीच असते. अवघड शब्दांच्या याद्या पाठ करण्याआधी ही रचना पक्की करणं जास्त फायद्याचं आहे, कारण चूक सहसा शब्दात नसते, जोडणीत असते.

लेखात चार रूपांचा उल्लेख वारंवार येईल. मूळ रूप म्हणजे ‘वॉश’, टू-रूप म्हणजे ‘टू वॉश’, आयएनजी-रूप म्हणजे ‘वॉशिंग’ आणि शाळेत शिकलेलं तिसरं रूप म्हणजे ‘वॉश्ड’.

पायरी १ : आधी मराठीत तीन प्रश्न

वाक्य इंग्रजीत आणण्याआधी स्वतःला विचारा: काम प्रत्यक्ष कोणाच्या हाताने झालं? ते व्हावं असं कोणाला वाटत होतं? आणि करणाऱ्याची मर्जी होती का?

‘मी गाडी धुतली’ या वाक्यात पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच माणूस आहे, म्हणून ‘आय वॉश्ड द बाइक’ एवढं पुरतं. ‘दादाने मला गाडी धुवायला लावली’ इथे माणसं दोन झाली आणि तुमची मर्जी नव्हती. ‘मी गाडी धुऊन घेतली’ इथे धुणारा तिसराच कोणी आहे आणि तो कोण याला महत्त्व नाही. या तीन वाक्यांना इंग्रजीत तीन वेगळे साचे लागतात. प्रश्न न विचारता शब्दाला शब्द लावत गेलात तर तिन्हींसाठी ‘आय वॉश्ड’ हेच तोंडातून निघेल.

पायरी २ : माणसाकडून काम

‘दादाने मला गाडी धुवायला लावली’ हे ‘माय ब्रदर मेड मी वॉश द बाइक’ असं होतं. मेक आलं की जबरदस्ती किंवा नाइलाज आला. मागे मूळ रूप येतं, टू नाही.

‘मी दादाला गळ घालून स्टेशनवर सोडायला लावलं’ याला मेक चालणार नाही, कारण इथे मनवणं आहे. ‘आय गॉट माय ब्रदर टू ड्रॉप मी ॲट द स्टेशन’. गेटला मात्र टू हवाच.

‘मी इलेक्ट्रिशियनकडून मीटर तपासून घेतलं’ : ‘आय हॅड द इलेक्ट्रिशियन चेक द मीटर’. ज्याचं ते कामच आहे, ज्याला नुसतं सांगितलं की पुरे, तिथे हॅव. मागे पुन्हा मूळ रूप. ही रचना अमेरिकन बोलण्यात जास्त ऐकू येते. ब्रिटिश माणूस तिथे बहुधा गेट किंवा आस्क वापरतो. तुम्हाला समजली पाहिजे. स्वतः बोलताना गेट वापरलंत तरी काही अडत नाही.

‘आईने मला जाऊ दिलं’ : ‘माय मदर लेट मी गो’. लेटचं भूतकाळी रूपही लेटच असतं. ‘लेटेड’ असा शब्द नाही.

नेहमीची चूक म्हणजे ‘मेड मी टू वॉश’. ती का होते हेही पाहा. आस्क, टेल, वॉन्ट, अलाउ, फोर्स, पर्सुएड, एनकरेज या सगळ्यांच्या मागे ‘माणूस + टू’ येतं, म्हणून जीभ सवयीने टू लावून मोकळी होते. त्यामुळे पाठ करायचीच असेल तर छोटी यादी पाठ करा: करवण्याच्या अर्थाने टू न घेणारी मेक, हॅव आणि लेट ही तीन. हेल्प दोन्हीकडे चालतं: ‘शी हेल्प्ड मी फिल इन द फॉर्म’ आणि ‘शी हेल्प्ड मी टू फिल इन द फॉर्म’ दोन्ही बरोबर. आपल्याकडे ‘हेल्प्ड मी इन फिलिंग’ म्हणतात. बाहेर ‘हेल्प्ड मी विथ द फॉर्म’ जास्त सहज वाटतं.

काळ फक्त पहिल्या क्रियापदाने दाखवायचा. ‘मेड मी वॉश्ड’ म्हणायचं नाही. मेडने भूतकाळ सांगून झाला, पुढचं क्रियापद तसंच राहतं.

एक वळण लक्षात ठेवण्यासारखं आहे. कर्मणी वाक्यात मेकचा गायब झालेला टू परत येतो: ‘वुई वेअर मेड टू वेट फॉर टू अवर्स’, म्हणजे आम्हाला दोन तास थांबवून ठेवलं. लेट मात्र असं उलटवता येत नाही. ‘आय वॉज लेट टू गो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला उशिराचा लेट आठवेल. तिथे ‘आय वॉज अलाउड टू गो’.

मेक वापरताना कोणाबद्दल बोलतो आहोत याचं भान ठेवा. मुलाखतीत ‘आय मेड द क्लायंट साइन’ म्हणालात तर तुम्ही ग्राहकाला जबरीने सही करायला लावली असा अर्थ जातो. सांगायचं आहे कौशल्य, ऐकू येते दादागिरी. ‘आय गॉट द क्लायंट टू साइन’ म्हणा. ‘माय मॅनेजर मेड मी स्टे लेट’ ही उघड तक्रार आहे, ‘माय मॅनेजर आस्क्ड मी टू स्टे लेट’ ही नुसती माहिती.

इथेच दोन शेजारच्या चुकाही उपटून टाका. ‘तू यावंस असं मला वाटतं’ या मराठी वळणामुळे ‘आय वॉन्ट दॅट यू कम’ असं निघतं. वॉन्टच्या मागे दॅट येत नाही: ‘आय वॉन्ट यू टू कम’. आणि ‘त्याने मला जायला सांगितलं’ म्हणजे ‘ही टोल्ड मी टू गो’. ‘सेड मी टू’ नाही, ‘टोल्ड टू मी’ही नाही. नकार असेल तर नॉट हे टूच्या आधी: ‘टोल्ड मी नॉट टू टच इट’. सजेस्ट या टोळीत बसत नाही. ‘सजेस्टेड मी टू गो’ चूक, ‘सजेस्टेड दॅट आय गो’ बरोबर.

पायरी ३ : करवून घेतलं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मराठी माणसाच्या इंग्रजीतली सर्वांत ठळक चूक इथेच होते, आणि तिचं कारण मराठीच्या सोयीत आहे. न्हाव्याकडून आलो तरी आपण ‘केस कापले’ म्हणतो. डॉक्टरकडे जाऊन आलो तरी ‘डोळे तपासले’. ‘बाबांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं’ हे वाक्य ऐकून कोणाला वाटत नाही की बाबांनी हातात चाकू घेतला. ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी ऐकणारा तसं समजून घेईलच असं नाही. ‘माय फादर डिड अ कॅटरॅक्ट ऑपरेशन’ म्हटलं की बाबा डोळ्यांचे सर्जन ठरतात.

साचा असा: गॉट किंवा हॅड, मग वस्तू, मग तिसरं रूप.

केस कापले : ‘आय गॉट माय हेअर कट’.
गाडीचं सर्व्हिसिंग केलं : ‘आय गॉट माय बाइक सर्व्हिस्ड’.
डोळे तपासले : ‘आय हॅड माय आइज टेस्टेड’.
उन्हाळ्याआधी कूलरची खस बदलली : ‘वुई गॉट द कूलर पॅड्स चेंज्ड’.
घराला रंग दिला : ‘वुई हॅड द हाउस पेंटेड’.
दात काढला : ‘आय हॅड अ टूथ टेकन आउट’.

नागपुरात बोलताना ‘करवून घेतलं’, ‘सर्व्हिसिंग करवली’ असं आपण सहज म्हणतो. त्या सवयीचा इथे उपयोग करा. मनातल्या वाक्यात ‘करवून घेतलं’ बसत असेल, तर इंग्रजीत गॉट आणि तिसरं रूप बसणार.

दवाखान्यात अनेकदा नुसत्या हॅवने काम भागतं, तिसऱ्या रूपाची गरजच पडत नाही: ‘माय फादर हॅड अ कॅटरॅक्ट ऑपरेशन’, ‘आय हॅड अ ब्लड टेस्ट’, ‘शी हॅड ॲन एक्स-रे’. रुग्णाच्या बाबतीत डिड टाळा. तपासणी डॉक्टर ‘डू’ करतात, रुग्ण ती ‘हॅव’ करतो.

शब्दांचा क्रम इथे जीव की प्राण आहे. ‘आय हॅड माय हेअर कट’ म्हणजे केस कापून घेतले. ‘आय हॅड कट माय हेअर’ म्हणजे मी माझे केस स्वतःच आधी कापले होते. शब्द तेच आहेत, फक्त ‘माय हेअर’ची जागा बदलली. घाईत बोलताना हेच उलटतं, कारण शाळेत ‘हॅड + तिसरं रूप’ एका दमात पाठ केलेलं असतं. उपाय साधा आहे: हॅड किंवा गॉट म्हटलं की लगेच वस्तूचं नाव घ्या, क्रियापद मागून येऊ द्या.

ज्यांचं तिसरं रूप बदलत नाही अशी क्रियापदं गोंधळ वाढवतात, कारण चूक झाली तरी कानाला कळत नाही. कट, पुट, सेट, शट ही त्यातली नेहमीची. उलट डन, मेड, टेकन, बिल्ट, चेंज्ड, फिक्स्ड, डिलिव्हर्ड ही रूपं पक्की हवीत. ‘आय गॉट इट रिपेअर’ ही चूक फार ऐकू येते. शेवटचा ‘ड’ हलका असतो म्हणून तो उच्चारात गळतो आणि मग लिहितानाही गळतो.

शिंप्याच्या कामाला आपण ‘स्टिच्ड’ म्हणतो: ‘आय गॉट अ ब्लाउज स्टिच्ड’. भारतात सगळ्यांना कळतं. परदेशी माणसाशी बोलताना ‘आय हॅड अ ब्लाउज मेड’ म्हणा, आणि जुना कपडा लहान-मोठा करून घेतला असेल तर ‘ऑल्टर्ड’. तसंच ‘झेरॉक्स्ड’ आपल्याकडे चालतं, परदेशात ‘फोटोकॉपीड’ किंवा ‘कॉपीड’.

कोणाकडून काम करवलं हे सांगायचंच असेल तर बाय वापरता येतं, पण बोलण्यात जागा सांगणं जास्त सहज आहे: ‘आय गॉट माय फोन फिक्स्ड ॲट अ शॉप इन सीताबर्डी’. विचारायचं असेल तर ‘व्हेअर डिड यू गेट इट डन?’ आणि ‘हाउ मच डिड दे चार्ज?’ ही दोन वाक्यं रोज उपयोगी पडतील.

याच साच्याचे आणखी दोन अर्थ आहेत. ‘आय हॅड माय फोन स्टोलन’ म्हणजे फोन चोरीला गेला. इथे कोणी काही करवून घेतलेलं नाही, नुकसान सोसलं आहे. गोंधळ नको असेल तर ‘माय फोन गॉट स्टोलन’ म्हणा. आणि ‘आय विल गेट इट डन बाय सिक्स’ म्हणजे सहापर्यंत काम उरकतो. ते स्वतः करणार की दुसऱ्याकडून, हे वाक्य सांगत नाही. ऑफिसात हे वाक्य कामाचं आहे, कारण वरिष्ठाला काम झाल्याशी मतलब असतो.

पायरी ४ : अवस्था बदलणारी क्रियापदं

‘मे महिन्याच्या उन्हाने सगळे थकतात’ हे ‘द मे हीट मेक्स एव्हरीवन टायर्ड’. मेक, मग माणूस, मग विशेषण. इथे मेकमध्ये जबरदस्ती नाही, कारण कर्ता निर्जीव आहे. मराठीत ‘मुळे’ किंवा ‘ने’ लावून जे कारण मागे ठेवतो, ते इंग्रजी वाक्याच्या तोंडाशी कर्ता म्हणून बसवतं. ही एक सवय लावून घेतली की तुमची इंग्रजी एकदम सुटी वाटू लागते. ‘बिकॉज ऑफ द नॉइज, माय हेड स्टार्टेड पेनिंग’ असं लांबण लावण्यापेक्षा ‘द नॉइज गेव्ह मी अ हेडेक’. ‘पावसामुळे आम्ही घरीच अडकलो’ : ‘द रेन केप्ट अस ॲट होम’. ‘या फोटोवरून मला आजीची आठवण झाली’ : ‘दिस फोटो रिमाइंड्स मी ऑफ माय ग्रँडमदर’. मनात ‘मुळे’ आलं की आधी ती ‘मुळे’ची वस्तूच कर्ता करून पाहा.

कीप म्हणजे अवस्था टिकवणं. ‘द कूलर कीप्स द रूम कूल’. माणूस ताटकळत ठेवला तर आयएनजी: ‘सॉरी टू कीप यू वेटिंग’. दुकानदाराने, रिसेप्शनवर बसणाऱ्याने हे एक वाक्य तरी तोंडपाठ करावंच. लीव्ह म्हणजे आहे तसं राहू देणं: ‘लीव्ह द विंडो ओपन’.

गेट आणि विशेषण म्हणजे होणं: गॉट वेट, गॉट अँग्री, गॉट टायर्ड. मात्र ‘आय गॉट लेट’ हे आपलंच वळण आहे. ‘मला उशीर झाला’ म्हणजे ‘आय वॉज लेट’ किंवा ‘आय ॲम लेट’, आणि ‘उशीर होतोय’ म्हणजे ‘इट्स गेटिंग लेट’. ‘टेन्शन घेऊ नको’साठी ‘डोन्ट टेक टेन्शन’ नको, ‘डोन्ट वरी’ पुरे.

पायरी ५ : कशासाठी?

हेतू सांगायचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात बरोबर मार्ग म्हणजे टू आणि मूळ रूप. ‘मी कापड घ्यायला इतवारीला गेलो’ : ‘आय वेंट टू इतवारी टू बाय क्लॉथ’. ‘फॉर बाइंग क्लॉथ’ नाही, आणि ‘फॉर टू बाय’ तर मुळीच नाही. ‘घेण्यासाठी’मधला ‘साठी’ आपल्याला फॉरकडे ओढतो, तिथे सावध राहायचं. फॉर हवाच असेल तर त्याच्या मागे नाम ठेवा: ‘आय वेंट टू इतवारी फॉर सम क्लॉथ’.

मग फॉर आणि आयएनजी कधी? एक, वस्तूचा उपयोग सांगताना: ‘दिस ब्रश इज फॉर क्लीनिंग द टँक’. दोन, घडून गेलेल्या गोष्टीचं कारण सांगताना: ‘थँक यू फॉर कमिंग’, ‘ही वॉज फाइन्ड फॉर नॉट वेअरिंग अ हेल्मेट’. इथे मराठीत ‘साठी’ नसतो, ‘बद्दल’ असतो. आल्याबद्दल आभार, हेल्मेट न घातल्याबद्दल दंड. म्हणून खूण अशी धरा: माणूस पुढे काय करायचं म्हणून निघाला हे टू सांगतो, मागे काय घडलं त्याचं फळ फॉर सांगतो. मनात ‘बद्दल’ असेल तर फॉर आणि आयएनजी, ‘ायला’ असेल तर टू.

बाहेरून आलेल्या पाहुण्याला शहराबद्दल सांगताना हे टू पावलोपावली लागतं. दीक्षाभूमी दाखवताना: ‘पीपल कम हिअर टू पे देअर रिस्पेक्ट्स टू डॉक्टर आंबेडकर’. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे काय झालं हे सांगताना: ‘ही केम टू नागपूर टू एम्ब्रेस बुद्धिझम, अँड लेड हिज फॉलोअर्स टू डू द सेम’. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहून पाहुणा ‘व्हॉट इज दिस फॉर?’ विचारतो. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ याचा अर्थ एका वाक्यात सांगता येतो: ‘पीपल टेक द मारबत थ्रू द स्ट्रीट्स अँड बर्न इट टू ड्राइव्ह अवे इव्हिल अँड डिसीज’. अशी आपल्या गावची वाक्यं तयार ठेवली तर सराव होतो आणि ती खरोखर वापरायलाही मिळतात.

करणारा एक आणि हेतूतला माणूस दुसरा असेल तर नुसता टू पुरत नाही. ‘टँकर आत यावा म्हणून मी गेट उघडं ठेवलं’ : ‘आय लेफ्ट द गेट ओपन सो दॅट द टँकर कुड कम इन’. बोलताना दॅट गाळला तरी चालतो. पहिला भाग भूतकाळात असेल तर पुढे कुड किंवा वुड, वर्तमानात असेल तर कॅन किंवा विल. ‘ावा म्हणून’, ‘ावी म्हणून’ ऐकू आलं की सो दॅट.

नकारी हेतूला वेगळी वाट आहे. ‘लू लागू नये म्हणून मी डोक्याला दुपट्टा बांधला’ याचं ‘आय कव्हर्ड माय हेड नॉट टू गेट हीटस्ट्रोक’ असं करू नका. ‘सो आय वुडन्ट गेट हीटस्ट्रोक’ म्हणा. लिहिताना ‘सो ॲज नॉट टू’ चालतं. ‘इन ऑर्डर टू’ हेही अर्ज-पत्रांपुरतं राखून ठेवा. बोलताना त्याची गरज क्वचितच पडते.

टेक हे वेळेसाठी. ‘मला ऑफिसला पोचायला अर्धा तास लागतो’ : ‘इट टेक्स मी हाफ ॲन अवर टू गेट टू वर्क’. सुरुवात इटने. ‘टू मी इट टेक्स’ किंवा ‘माय हाफ अवर गोज’ अशी वाक्यं मराठीवरून येतात, ती सोडा.

यूझची तीन रूपं एकमेकांत मिसळतात. ‘वुई यूझ दिस टू कट टाइल्स’ म्हणजे वापर. ‘आय यूस्ट टू लिव्ह इन महाल’ म्हणजे पूर्वी महाल भागात राहायचो. ‘आय ॲम यूस्ट टू द हीट’ म्हणजे उन्हाची सवय आहे, आणि या तिसऱ्यामागे क्रियापद आलं तर ते आयएनजीमध्ये: ‘यूस्ट टू वर्किंग नाइट शिफ्ट्स’. उच्चारानेही फरक कळतो. वापराच्या यूझमध्ये शेवटी ‘झ’ ऐकू येतो, बाकी दोघांत ‘यूस्टू’ असा एकच शब्द.

स्टॉप आणि रिमेंबर यांच्या मागे टू की आयएनजी यावर अर्थच बदलतो. ‘आय स्टॉप्ड टू हॅव टी’ : चहा प्यायला थांबलो. ‘आय स्टॉप्ड हॅविंग टी’ : चहा सोडला. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ : आठवणीने कुलूप लावलं. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ : कुलूप लावल्याचं आठवतंय. फॉरबद्दल वर जी खूण सांगितली तीच इथेही लागू पडते: टू पुढच्या कामाकडे, आयएनजी आधीपासून असलेल्या किंवा झालेल्या कामाकडे.

पायरी ६ : कशामुळे?

बिकॉजच्या मागे पूर्ण वाक्य येतं, बिकॉज ऑफच्या मागे नाम. ‘बिकॉज इट रेन्ड’, ‘बिकॉज ऑफ द रेन’. ‘बिकॉज ऑफ इट रेन्ड’ होत नाही.

मराठीत ‘पाऊस होता म्हणून आलो नाही, कारण…’ असे दुहेरी सांधे खपतात. इंग्रजीत एक कारण, एक सांधा. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, सो आय डिडन्ट कम’ यातला एक काढा. बोलताना सो ठेवणं सोपं: ‘इट वॉज रेनिंग, सो आय डिडन्ट कम’. हाच नियम ‘ऑल्दो’ आणि ‘बट’लाही आहे.

कॉझ हा शब्द जपून वापरा. त्याच्या मागे बहुतेक वाईट गोष्टी येतात: कॉझ डॅमेज, कॉझ अ डिले, कॉझ ॲन ॲक्सिडेंट. ‘युअर हेल्प कॉझ्ड माय सक्सेस’ हे व्याकरणाने चुकत नाही, तरी कानाला खटकतं. चांगल्या गोष्टीसाठी ‘युअर हेल्प मेड इट पॉसिबल’ किंवा ‘लेड टू’. लीड टूमधला टू हेतूचा नाही, म्हणून मागे नाम किंवा आयएनजी: ‘द ट्रेनिंग लेड टू अ जॉब’, ‘द ट्रेनिंग लेड टू गेटिंग अ जॉब’. रिझल्ट इन परिणामाकडे जातो, रिझल्ट फ्रॉम कारणाकडे; दोन्ही अहवालात शोभतात. ‘ड्यू टू’ सूचनाफलकावर शोभतं, मित्राशी बोलताना बिकॉज ऑफच बरं.

पायरी ७ : आठ दिवसांचा सराव

रोज पंधरा मिनिटं पुरतात. वहीचं पान उभं चार रकान्यांत आखा: मराठी वाक्य, काम कोणी केलं, साचा, इंग्रजी वाक्य. पहिले तीन दिवस फक्त पायरी ३. दिवसभरात दुसऱ्याकडून झालेली पाच कामं लिहा. गॅस आला, पंक्चर काढलं, मुलाचा फोटो काढला, बँकेत पासबुक भरून घेतलं, चप्पल शिवून आणली. दुसरा रकाना भरल्याशिवाय चौथ्याला हात लावायचा नाही. घाई तिथेच होते.

चौथ्या-पाचव्या दिवशी मेक, गेट, लेट. एकच प्रसंग तिन्ही क्रियापदांत सांगा: आईने अभ्यास करायला लावला, आईने समजावून अभ्यासाला बसवलं, आईने खेळायला जाऊ दिलं. सहाव्या-सातव्या दिवशी ‘ायला’, ‘बद्दल’ आणि ‘ावं म्हणून’ असलेली प्रत्येकी तीन वाक्यं. आठव्या दिवशी ‘मुळे’ची पाच वाक्यं घेऊन प्रत्येकात कारणालाच कर्ता करून पाहा.

वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना तीनच गोष्टी तपासा. तिसऱ्या रूपाचा शेवट ऐकू येतो का: फिक्स्ड, चेंज्ड, पेंटेड. मेक किंवा लेटच्या मागे टू घुसला का. गॉट-हॅडनंतर वस्तू लगेच आली का. टूवर जोर देऊ नका. तो बोलण्यात ‘ट’ इतका आखूड होतो, आणि ‘हॅव टू’ तर ‘हॅफ्टू’ असंच ऐकू येतं. तो तसा ओळखता आला नाही तर समोरच्याने टू म्हटला की नाही, हेच कळत नाही.

एखादं वाक्य अडलं तर शब्दकोशात मराठी शब्दाचा अर्थ शोधू नका. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशात ते इंग्रजी क्रियापद उघडा आणि उदाहरणांची वाक्यं वाचा. मागे टू आहे, आयएनजी आहे की काहीच नाही, हे तिथे एका नजरेत दिसतं. ते वाक्य तसंच वहीत उतरवा, आणि माणसं, वस्तू, जागा बदलून त्याची आपली तीन वाक्यं करा.